लघुलहरींच्या किनाऱ्यावर

पास्काचा सण आटोपला की घरोघरी जाऊन घरे आशीर्वादित करण्याचा आमच्या धर्मग्रामात प्रघात आहे. पवित्र पाण्याचा शिडकावा करीत ओटीवरून माजघरात आणि माजघरातून स्वयंपाकघरात जाताना धर्मगुरूला लोकांच्या संसाराचे जे दर्शन घडते, ते चर्चच्या नोंदवहीत घडत नाही. गेली काही वर्षे माझी नजर एका वस्तूकडे हमखास वळते. ती माळ्यावर असते, नाहीतर कपाटाच्या डोक्यावर, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेली. घरातला कर्ता पुरुष तारवटी म्हणून बोटीवर असताना, किंवा आखाती देशांत नोकरीला असताना, त्याने मोठ्या हौसेने आणलेला तो रेडिओ असतो. त्याला टाकून द्यायला मन होत नाही आणि लावून पाहायला सवड होत नाही.

यंदा अशाच एका घरी अकरावीत शिकणाऱ्या मुलाने तो अभ्रा सोडला आणि मला विचारले, "फादर, हेच्यात आता काय लागणा नाय मां?" मी दारातच त्याला म्हटले, "लागते. पण रात्री लाव, आणि खळ्यात जाऊन लाव." पुढच्या घरी लोक वाट पाहत होते, म्हणून तेवढ्यावरच थांबलो. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर ज्यांच्या ज्यांच्या माळ्यावर असा रेडिओ आहे त्या सर्वांसाठी येथे देण्याचे योजिले आहे.

त्या जुन्या रेडिओच्या काचेवर एम.डब्ल्यू., म्हणजे मध्यमलहरी, असे लिहिलेले असते. त्याच्या शेजारी एस.डब्ल्यू. वन, एस.डब्ल्यू. टू असेही लिहिलेले असते. त्या लघुलहरी. मध्यमलहरींवर दिवसा आपल्याला रत्नागिरी किंवा पणजी ऐकू येते. एफ.एम.चा आवाज त्याहून स्वच्छ, पण डोंगर आडवा आला की तो संपला. लघुलहरींची चाल निराळी. त्या जमिनीला धरून जात नाहीत, आकाशाकडे जातात. पृथ्वीभोवती सुमारे दोनशे ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या तेजाने विद्युत्भारित झालेला हवेचा एक विरळ थर आहे. त्यावर आपटून त्या पुन्हा खाली येतात. अशा एकाच उडीत त्या दोन-तीन हजार किलोमीटर ओलांडतात, आणि खाली आल्यावर समुद्रावरून पुन्हा उसळी घेतात. म्हणूनच कित्येकदा जवळचे केंद्र मुळीच लागत नाही आणि चीनचे किंवा युरोपातले केंद्र शेजारच्या पडवीतून बोलल्यासारखे ऐकू येते.

आपल्या मालवणच्या किनाऱ्याला येथे निसर्गाचे एक देणे आहे. खारे पाणी हे विजेचे उत्तम वाहक. समुद्रावरून, विशेषतः क्षितिजालगतच्या कोनातून येणाऱ्या लहरी त्यामुळे कमी क्षीण होतात. आपल्या पश्चिमेला आफ्रिका आणि अरबस्तानापर्यंत आडवे काहीच नाही. पुण्यामुंबईच्या श्रोत्याला पैसे देऊनही मिळणार नाही अशी ही जागा आपल्याला फुकट लाभलेली आहे.

कोणते केंद्र केव्हा लागेल, हे रापण ओढणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याला भरतीओहोटी ठाऊक असते. लघुलहरींचीही अशीच वेळ असते. दिवसा सूर्यामुळे वातावरणात खालच्या बाजूला आणखी एक थर तयार होतो आणि तो कमी कंपनांच्या लहरी शोषून घेतो. म्हणून दिवसा १९ मीटर, १६ मीटर असे वरचे पट्टे बरे. सूर्यास्तानंतर तो खालचा थर विरतो आणि ४९, ४१, ३१ मीटरच्या पट्ट्यांना भरती येते. २५ मीटरचा पट्टा संध्याकाळी दोन्हीकडचे देतो. नवशिक्याने आरंभ करायचा तो सायंकाळी सात ते रात्री अकरा या वेळेत, ३१ मीटरच्या पट्ट्यावर. एवढे धरून बसला तर पहिल्याच रात्री तो रिकाम्या हाताने परतणार नाही.

मीटर म्हणजे लहरीची लांबी. नव्या रेडिओंवर मीटरऐवजी किलोहर्ट्झ किंवा मेगाहर्ट्झचे आकडे दिसतात. हिशेब सोपा आहे. तीनशेला मीटरच्या आकड्याने भागले की मेगाहर्ट्झ मिळतात. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्तपणे चालविलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत असे. भागाकार करून पाहा, ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर येते. आजच्या आकड्यांच्या रेडिओवर ती जागा तुम्हाला बोटाने दाखविता येईल. पोलीस मागावर असल्याने प्रक्षेपकाची जागा सतत बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते पकडले गेले. वीस-बावीस वर्षांची ती मुलगी त्यानंतर तुरुंगात गेली.

याच संदर्भात आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण आंबोलीला धबधबा पाहायला जाणाऱ्या गर्दीतल्या फार थोड्यांना ती माहीत असते. गोव्यात पोर्तुगीज सत्ता असताना तेथील नभोवाणी सरकारचीच भाषा बोलत असे. तिला उत्तर देण्यासाठी २५ नोव्हेंबर १९५५ पासून सीमेपलीकडच्या जंगलातून एक गुप्त नभोवाणी सुरू झाली. पोर्तुगीज आणि कोंकणी या दोन भाषांतून ती गोव्यातील लोकांशी बोलत असे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे तिचे चालक. आरंभी हे केंद्र आंबोलीच्या रानात होते, पुढे ते कॅसलरॉकच्या जंगलात हलविण्यात आले. ऐन तारुण्यातली सहा वर्षे त्या दोघांनी अशी अरण्यात काढली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा त्यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती वार्ता पणजीच्या लोकांना ऐकविली. पुढे १९६४ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. लिबियाबाईंना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली. आंबोलीच्या धुक्यातून जाताना मला दरवेळी वाटते, याच झाडीत कोठेतरी एक बाई कंदिलाच्या उजेडात पुढच्या कार्यक्रमाचा मजकूर लिहीत बसली असेल.

या दोन्ही केंद्रांच्या कथा बोलणाऱ्यांच्या आहेत. ऐकणारे मात्र इतिहासात कोठेच येत नाहीत. पोर्तुगीज अंमलाखाली दार लावून, आवाज अगदी बारीक करून ते केंद्र ऐकणाऱ्यांची गणती कोणी केली नाही, आणि ती करणे शक्यही नव्हते. लघुलहरींचे हे एक वैशिष्ट्य मला फार मोलाचे वाटते. कोण ऐकतो आहे, हे बोलणाऱ्याला कळत नाही, सरकारला कळत नाही, आणि कंपनीलाही कळत नाही. आपल्या हातातील मोबाईलविषयी असे म्हणता येत नाही.

माझी स्वतःची या छंदाशी ओळख माझ्या वडिलांमुळे झाली. त्यांना आम्ही पाय म्हणत असू. ते बोटीवर होते आणि निवृत्त होऊन आले ते एक रेडिओ, एक लोखंडी ट्रंक आणि चार देशांच्या नाण्यांची पिशवी घेऊन. संध्याकाळी तेर्स झाली की रेडिओ खिडकीत यायचा. आई आणि आम्ही मुले सिलोनची गाणी मागत असू. आकाशवाणीने चित्रपटगीते जवळजवळ वर्ज्य केली तेव्हा, म्हणजे १९५२ पासून, अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' रेडिओ सिलोनच्या लघुलहरींवरूनच भारतभर ऐकली जात होती आणि आमच्या लहानपणीही ती चालू होती. पायांना मात्र गाण्यांत रस नव्हता. ते बातम्या ऐकत. एकच बातमी दिल्लीवरून, लंडनवरून आणि मॉस्कोवरून ऐकत, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी लिहून ठेवीत. काय लिहीत, हे पाहण्याचा योग मला १९९० साली आला.

त्या वर्षी मी सेमिनरीत होतो, पण कावीळ झाल्याने जुलैच्या अखेरीस मला घरी पाठविण्यात आले होते. माझा थोरला भाऊ कुवेतमध्ये एका गॅरेजात कामाला होता. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. त्या रात्री बीबीसीच्या हिंदी सेवेने ती बातमी सांगितली तेव्हा आमच्या वाडीत तिचा अर्थ पाच घरांना एकाच वेळी कळला, कारण पाच घरांतली माणसे तिकडे होती. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर रोज रात्री माणसे जमू लागली. बाहेर पाऊस कोसळत असे. आई जपमाळ हातात घेऊन दारात उभी राही आणि मधूनच विचारी, "तो काय म्हणता?" पाय हात वर करून तिला थांबवीत. आवाज लाटेसारखा जवळ येई आणि नेमक्या नावाच्या क्षणी ओसरून जाई.

पायांची वही मी तेव्हा पाहिली. शाळेची दोनशे पानी वही होती. डाव्या बाजूला तारीख, वेळ, पट्टा आणि केंद्र. त्यापुढे त्यांनी उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. एकाचे नाव 'सांगितले', दुसऱ्याचे नाव 'खात्री'. पहिल्या रकान्यात प्रत्येक केंद्राने जे सांगितले ते. दुसरा रकाना बहुतेक वेळा कोराच असे. दोन परस्परविरोधी पक्षांच्या केंद्रांनी एकच गोष्ट मान्य केली, किंवा कोणी माणूस प्रत्यक्ष पाहून आला, तरच तेथे काही लिहिले जाई. वाडीत तर रोज नवी वदंता येई. अमक्या इमारतीवर बॉम्ब पडला, तमक्या रस्त्यावर हिंदी लोकांना अडवले. शेजारची एक मावशी दोन दिवस जेवली नव्हती. पायांनी तिला वही उघडून दाखविली आणि म्हटले, "बघ, अजून कोणीच बोलूक नाय. कोरा आसा. कोरा म्हणजे वाईट न्हय." ती त्या रात्री पेज जेवली.

पुढे भारत सरकारने तिकडच्या आपल्या माणसांना बगदाद आणि जॉर्डनमार्गे बाहेर काढले. अम्मानहून एअर इंडियाची विमाने सुटत. ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे झाली आणि एक लाख सत्तर हजारांहून अधिक लोक मायदेशी आले. माझा भाऊ सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत उतरला. त्याची तार आली त्या दिवशी पायांनी उजव्या रकान्यात त्याचे नाव लिहिले. पुढे काही नाही, एवढेच. तो रेडिओ आणि ती वही आता माझ्याकडे आहे.

आता व्यवहाराकडे वळू या. माळ्यावरचा रेडिओ खाली काढल्यावर प्रथम सेलचा कप्पा उघडावा. जुने सेल आत राहिले असतील तर त्यांतून पाझरलेल्या क्षाराने स्प्रिंगा खाल्लेल्या असतात, आणि जे क्षाराने उरले असेल ते आपली खारी हवा खाते. गंज बारीक पॉलिश पेपरने घासून काढावा आणि नवे सेल घालावेत. खटके आणि काटा फिरवायची बटणे पंचवीस-तीस वेळा फिरवावीत. आतली धूळ हलली की आवाजातली करकर पुष्कळदा जाते. वापर नसेल तेव्हा सेल बाहेर काढून रेडिओ झाकणाच्या डब्यात ठेवावा. डब्यात चपलांच्या किंवा औषधांच्या खोक्यातून येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात. आमच्या किनाऱ्यावर हा खर्च नसलेला विमा आहे.

नवा रेडिओ घ्यायचा झाल्यास काट्याऐवजी आकडे दाखविणारा घ्यावा. चिनी बनावटीचे टेकसनसारखे हातात मावणारे संच काही हजार रुपयांत मिळतात. जुन्या काट्याच्या रेडिओवर आपण नक्की कोठे आहोत हे कळत नाही. आकड्यांच्या रेडिओवर ९,६०० म्हटले की ९,६००. घेताना लघुलहरींचा पट्टा सलग आहे की मध्ये मध्ये तुटलेला आहे, एवढे पाहावे. एस.एस.बी. नावाची सोय असेल तर आणखी बरे. तिच्यामुळे हौशी बिनतारी चालकांची, ज्यांना हॅम म्हणतात त्यांची, आपसांतील संभाषणे ऐकता येतात. ती सोय नसली तर त्यांचे बोलणे बदकाच्या कलकलाटासारखे ऐकू येते. बोलण्यासाठी त्यांना सरकारी परवाना लागतो. रेडिओ ऐकणाऱ्याला मात्र आता परवाना लागत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत साध्या रेडिओसाठीही पोस्टात वार्षिक शुल्क भरावे लागे. कित्येक घरांत ती पुस्तिका अजून रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलेली सापडेल.

रेडिओच्या दांडीला सहा-आठ मीटर लांबीची साधी तांब्याची तार चिमट्याने जोडली आणि तिचे दुसरे टोक माडाला किंवा पडवीच्या वाशाला सुतळीने बांधले, की ऐकण्यात जमीनअस्मानाचा फरक पडतो. फार लांब तार मात्र लावू नये. लहान रेडिओ तिने बधिर होतो आणि एका जागी तीन केंद्रे बोलू लागतात. वळवाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात ही तार वापर झाल्याबरोबर काढून ठेवावी. वीज माडावर पडते, आणि माडाला बांधलेली तार तिला थेट घरात आणते. ही सूचना मी हसण्यावारी नेऊ देणार नाही.

खरा शत्रू मात्र घरातच आहे. पायांच्या काळी खरखर आकाशातून येत असे, आता ती भिंतीतून येते. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्ही हे सर्व लघुलहरींवर सतत गुरगुरत असतात. म्हणूनच मी त्या मुलाला खळ्यात जा असे म्हटले. घरापासून वीस-पंचवीस पावले दूर गेले तरी निम्मी गुरगुर मागे राहते. वीज गेली की वाडीतले लोक महावितरणाच्या नावाने बोटे मोडतात. मी मात्र त्या वेळी रेडिओ घेऊन बाहेर येतो. तेवढ्यापुरते सारे गाव १९६० साली गेलेले असते आणि अंधारात दूरदूरची केंद्रे एकामागून एक उमटू लागतात.

केंद्र लागले तरी ते कोणाचे, हे ओळखणे हा या छंदातला अर्धा आनंद. दर तासाच्या आरंभी बहुधा नाव सांगतात, म्हणून तासाला दोन मिनिटे कमी असताना कान द्यावा. त्याआधी कित्येक केंद्रे आपली एक ठराविक धून वाजवितात. आकाशवाणीची पहाटेची ती ओळखीची धून वॉल्टर कॉफमन या युरोपातून आलेल्या ज्यू संगीतकाराने बांधली असे मानले जाते. व्हॅटिकन रेडिओची धून 'ख्रिस्तुस विन्चित' या जुन्या स्तोत्राच्या सुरांवर आहे. सेमिनरीत असताना ती मंद घंटांसारखी धून लागली की आम्ही विद्यार्थी एकमेकांना हाका मारीत असू. व्हॅटिकनचे हे केंद्र स्वतः मार्कोनीने उभारले आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजी अकरावे पायस यांनी त्यावरून लॅटिनमध्ये जगाला उद्देशून पहिले भाषण केले. एका पोपमहोदयांचा आवाज एकाच वेळी साऱ्या जगाने ऐकावा, असे त्यापूर्वी कधी घडले नव्हते.

परदेशी केंद्रांची वेळापत्रके जागतिक प्रमाणवेळेत असतात. तीत साडेपाच तास मिळविले की आपली वेळ येते. ही वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. काल लागलेले केंद्र आज त्या जागी नाही म्हणून रेडिओ बिघडला असे समजू नये, आधी कॅलेंडर पाहावे. आणि कॅलेंडरानेही उलगडा झाला नाही तर सूर्याकडे बोट दाखवावे. सूर्यावरच्या डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र असते, आणि सध्याच्या चक्राची भरती २०२४ च्या सुमारास आली. डाग वाढले की वरचे पट्टे जोमाने लागतात, पण सौरवादळेही होतात. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथून आकाशात तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला. तो त्याच वादळाचा खेळ होता. अशा वादळात नेहमीची केंद्रे पुसून टाकल्यासारखी नाहीशी होतात. रेडिओ तोच, तार तीच. आकाशच बदललेले असते.

आता जे नाही त्याबद्दलही बोलले पाहिजे, नाहीतर माझे म्हणणे एकांगी होईल. लघुलहरी ओसरत आहेत. बीबीसीची मराठी सेवा १९४२ मध्ये सुरू झाली होती आणि १९५८ मध्ये थांबली. २०१७ मध्ये ती पुन्हा आली, पण इंटरनेटवर. बीबीसीच्या ज्या हिंदी सेवेपुढे आमची वाडी १९९० मध्ये बसली होती, तिचे लघुलहरींवरचे शेवटचे प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० रोजी झाले. रेडिओ ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये लघुलहरी सोडल्या. व्हॅटिकन रेडिओने २०१२ मध्ये युरोप आणि अमेरिकेकडील बहुतेक प्रक्षेपण बंद केले. मनिलाहून आशियातील अनेक भाषांत बोलणारे रेडिओ व्हेरितास एशिया २०१८ च्या जूनअखेर लघुलहरींवरून उतरले. मनिलाच्या रेडिओ व्हेरितासवरून फेब्रुवारी १९८६ मध्ये कार्डिनल हायमे सिन यांनी लोकांना रस्त्यावर उतरण्याचे आवाहन केले होते आणि लोक उतरले होते, ही गोष्ट आमच्या पिढीच्या सेमिनरी विद्यार्थ्यांच्या तोंडी होती. यांतली बहुतेक केंद्रे आता मोबाईलवर ऐकता येतात, आणि तीही खरखरीशिवाय. ज्याला केवळ ऐकायचे आहे त्याची सोय तेथे अधिक चांगली आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही आज रात्री काटा फिरविला तर चीनची केंद्रे कित्येक भाषांत दणदणीत लागतील. रोमानियाचे, जपानचे, कोरियाचे, अरबस्तानातले, आणि आपल्या आकाशवाणीचे परदेशांसाठी चालणारे कार्यक्रम शोधले तर सापडतील. यांतले बहुतेक आपापल्या सरकारची थोरवी गातात. नवशिक्याने त्याने दचकू नये आणि भुलूही नये. एका घटनेवर तीन सरकारे कशी बोलतात हे एकाच बैठकीत ऐकायला मिळते, आणि कोण कोणती गोष्ट गाळतो हे दहा-पंधरा दिवसांत लक्षात येऊ लागते. मोबाईल आपल्याला आवडेल तेच पुन्हा पुन्हा पुढे करतो. लघुलहरींच्या पट्ट्यावर शेजारी शेजारी बसलेल्या केंद्रांना श्रोत्याच्या आवडीनिवडीची काही खबरच नसते.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले ते वाचकांच्या स्मरणात असेल. रविवार होता, करोनामुळे चर्चची दारे बंद होती. छपरे उडाली, माड आणि विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. मोबाईल बंद पडण्यापूर्वी शेवटचे जे निरोप आले होते त्यांत दोन होड्या बुडाल्याची आणि समुद्र पुन्हा चढणार असल्याची वार्ता होती. त्यावर दोन वाड्यांतले लोक सामान बांधून निघण्याच्या बेतात होते. मी पायांचा रेडिओ चर्चच्या पायरीवर ठेवला. मुखपट्ट्या लावून, हातभर अंतर राखून लोक उभे राहिले. आकाशवाणीच्या बातम्यांत वादळ उत्तरेकडे गुजरातच्या दिशेने सरकल्याचे सांगितले. मी वही काढली आणि ते डाव्या रकान्यात लिहिले. होड्यांची वार्ताही डाव्याच रकान्यात लिहिली. रात्री दुसऱ्या केंद्रानेही वादळाची तीच दिशा सांगितली तेव्हा ती उजवीकडे गेली आणि लोकांनी बांधलेली गाठोडी सोडली. होड्यांपुढचा उजवा रकाना तिसऱ्या दिवशी भरला. दोन्ही होड्या दुसऱ्या बंदरात सुखरूप होत्या.

म्हणून माझ्या लेखी रेडिओइतकीच वही महत्त्वाची आहे. पहिल्या रात्रीपासून तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, भाषा आणि काय ऐकले, हे लिहावे. आवाजाची प्रत लिहिण्यासाठी श्रोत्यांमध्ये 'सिन्पो' नावाची पद्धत आहे. आवाजाचा जोर, शेजारच्या केंद्राचा उपद्रव, खरखर, आवाजाचे चढउतार आणि एकंदर प्रत अशा पाच गोष्टींना एक ते पाच गुण द्यायचे. पाच म्हणजे उत्तम. ४५४४४ असे लिहिले की रोमानियातल्या अभियंत्यालाही आपल्या खळ्यातली रात्र कशी होती ते कळते. असा अहवाल, ऐकलेल्या कार्यक्रमाच्या दोनचार ओळींसह, केंद्राला पाठविला तर पुष्कळ केंद्रे पोचपावती म्हणून एक सचित्र कार्ड पाठवितात. त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. कार्यक्रमातले काही तपशील लिहिल्याशिवाय ते मिळत नाही, कारण नुसते 'ऐकले' म्हणणारे पुष्कळ असतात.

अहवाल आता ई-मेलनेही चालतो. पण शाळकरी मुलांनी तो एकदा तरी कागदावर लिहून पोस्टाने पाठवावा, असे मी सुचवीन. पत्ता इंग्रजीत सुवाच्य लिहावा, देशाचे नाव शेवटी मोठ्या अक्षरांत घालावे, आणि परदेशी टपालाला तिकिटे किती लागतात हे पोस्टमास्तरांना विचारून घ्यावे. कार्ड यायला दोन-तीन महिने लागतात.